लिफ्ट केल्यावर गाडी भरकटते, थरथरते, खटखटते: जादा पार्ट नक्की कुठला लागतो?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान आहे, मागच्या बाजूला एक पिट. बुश, स्पेसर, ब्रॅकेट करून द्यायचं काम जुनंच आहे. पण गेल्या काही वर्षांत लिफ्ट केलेल्या, म्हणजे स्प्रिंग-स्पेसर घालून उंच केलेल्या फोर बाय फोर गाड्या दुरुस्तीला येऊ लागल्या, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. राधानगरीकडचे एक शेतकरी थार घेऊन आले होते. म्हणाले, "दादा, साठच्या वर गाडी हातात राहिना झालीया. शॉकअप बदललं, स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकला, आता काय राहिलंय?" डिकीत नव्या पार्टची पिशवी होती, अजून दोन बसवायचेच होते. त्या गाडीला एकही नवा पार्ट लागला नाही. दोन तास लागले, आणि एक अलाइनमेंट.

उंची वाढली की गाडीखालच्या प्रत्येक रॉडचा, आर्मचा आणि शाफ्टचा कोन बदलतो. कुठला कोन किती बदलला हे मोजल्याशिवाय पार्ट घेतला तर पैसे जातात आणि बिघाड तिथंच राहतो. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग तपासा, आणि पार्ट शेवटी.

लक्षणं

पुढच्यापैकी कुठलं तुमच्या गाडीत आहे ते कागदावर लिहा. किती वेगाला, कुठल्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, हेही लिहा.

वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. हायवेवर सारखं डावं-उजवं सावरावं लागतं, ट्रक शेजारून गेला की गाडी ढकलल्यासारखी होते.

रस्ता सरळ, गाडी सरळ, पण स्टेअरिंग तिरकं.

खड्ड्यावर किंवा पुलाच्या सांध्यावर एक चाक आपटलं की स्टेअरिंग जोरात डावं-उजवं फडफडायला लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. हे सगळ्यांत धोक्याचं.

स्पीड ब्रेकरवरून उतरताना 'टक' असा धातूचा आवाज, किंवा खड्ड्यात 'धप्प'.

ठरावीक वेगाला फरशीतून, सीटमधून थरथर. ॲक्सिलरेटर सोडला की कमी होते किंवा वाढते.

ब्रेक लावताना गाडी नाकावर जास्त झुकते, मागचे ब्रेक धरत नाहीत असं वाटतं.

आधी फुकटातल्या गोष्टी

हवा तपासा. मोठे टायर टाकले की बरेच जण अंदाजाने हवा भरतात. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरसाठी असतो, तरी सुरुवात तिथूनच करा. चारही टायर थंड असताना हवा सारखी करा आणि मग चालवून बघा.

मग रिमच्या आतली बाजू बघा. गगनबावडा किंवा दाजीपूरकडून येताना लाल चिखल रिमच्या आत बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. मूठभर चिखलानेसुद्धा ७०-८० ला स्टेअरिंग थरथरतं. गाडी धुतली म्हणजे हा निघाला असं नाही, हात घालून खरवडावा लागतो. उसाच्या हंगामात तर हे काम दर आठवड्याला करावं लागतं.

त्यानंतर उंची मोजा. हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, सपाट जागेवर. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एखादा स्प्रिंग चुकीच्या बाजूला लागलाय किंवा सीटवर नीट बसलेला नाही. किती मिमी लिफ्ट झाली हे या आकड्यातूनच कळतं. पाकिटावर '२ इंच' लिहिलेला स्प्रिंग हलक्या गाडीत ७० मिमीसुद्धा उचलतो, कारण तो विंच, लोखंडी बंपर आणि कॅरियरचं वजन धरून केलेला असतो. रोज ऑफिस-शेतावर रिकामी फिरणाऱ्या गाडीत असा जड स्प्रिंग टाकू नये. जादा पार्टांची निम्मी गरज तिथंच तयार होते.

बोल्ट सैल करा आणि जमिनीवर परत आवळा

हे काम सगळ्यांत जास्त वेळा चुकलेलं दिसतं, म्हणून इथं जरा थांबतो.

आर्मच्या, म्हणजे ॲक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाला रबरी बुश असतो. त्याच्या आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट धरली जाते, बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते. मधलं रबर फक्त पिळतं, ते घसरत नाही. लिफ्ट बसवताना गाडी जॅकवर असते, ॲक्सल खाली लोंबत असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची 'सरळ' जागा लोंबत्या अवस्थेची होते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी कडक लागते, जरा जास्त उंच दिसते, बारीक खड्ड्यात उसळते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. लिफ्ट करताना आर्मचे बोल्ट सैलच केले नाहीत तरीही हेच होतं, कारण उंची बदलली तशी रबराची जागाही बदलायला हवी होती.

उपाय सोपा आहे. गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर किंवा पिटवर उभी करा. पुढच्या-मागच्या आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला डावी-उजवीकडं सरकू न देणाऱ्या आडव्या रॉडचे) बोल्ट सैल करा, काढू नका. बंपर धरून गाडी दोन-चार वेळा दाबा, हलवा. मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. राधानगरीच्या त्या गाडीत मागच्या आर्मची आणि मागच्या पॅनहार्ड रॉडची नेमकी हीच भानगड होती.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत, म्हणजे जिप्सीसारख्या, पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट बघा. नवा पाटा किंवा जादा पाटा टाकल्यावर पाटे एकमेकांत बसतात आणि यू बोल्ट आपोआप सैल होतात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर आवळायलाच हवेत. सैल यू बोल्टमुळे पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागंपुढं सरकतो. जुना, ताणलेला यू बोल्ट परत वापरू नका.

एक जण स्टेअरिंगवर, एक जण खाली

इंजिन चालू, गाडी चाकांवर, हँडब्रेक ओढलेला. आत बसलेल्याने स्टेअरिंग पाव वळण डावं-उजवं झपझप हलवायचं. खाली असलेल्याने पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा रॉड) एंड, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा रॉड) आणि स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट एकेक करून बघायचे, बोट लावून. बोटाला 'टक' जाणवला तिथं झीज आहे. पॅनहार्डचा बोल्ट भोकात हलत असेल तर भोक अंडाकृती झालं का बघा.

मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. सॉलिड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या) गाडीत इथं खेळ सापडला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग. पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत नकलचं (चाक वळतं त्या सांध्याचं) सील गळून पाणी आत जातं आणि किंगपिन बेअरिंग गंजतात.

हे सगळं आधी बघायचं कारण असं, की मूळ उंचीला जी झीज लपून राहते ती लिफ्टनंतर उघडी पडते. फडफडीवर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला नव्या स्टेअरिंग डॅम्परचा मिळतो. मला हे अजिबात पटत नाही. डॅम्पर फडफड दाबून ठेवतो, झिजलेला बुश तसाच राहतो, आणि एक दिवस आंबा घाटाच्या उतारावर तो डॅम्परही हरतो. फडफडणारी गाडी डॅम्पर बदलून परत देणं हे मी चुकीचं काम समजतो.

स्टेअरिंग तिरकं असेल तर

सॉलिड ॲक्सलच्या गाडीत टाय रॉड एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत जात असेल तर नुसत्या लिफ्टनं टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत तो फरक, बदलत नाही. बदलतो तो ड्रॅग लिंकचा कोन, म्हणून स्टेअरिंग तिरकं होतं. ते सरळ करायला ड्रॅग लिंकचीच लांबी फिरवायची. टाय रॉड फिरवलात तर स्टेअरिंग तिथंच राहील आणि टो बिघडून टायर एका कडेनं खाल्ले जातील. स्टेअरिंग व्हील काढून दात सोडून बसवणं तर करूच नका. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरला चाकं वळलेली वाटतात आणि सरळ रस्त्यावर ब्रेक मध्येच हस्तक्षेप करतो. ईएसपीचा दिवा लागला असेल तर सेन्सरचं कॅलिब्रेशन स्कॅनरनेच होतं, तिथं घरगुती उपाय नाही.

टो घरी मोजता येतो. पुढच्या दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारा, ॲक्सलच्या उंचीला पुढून अंतर मोजा, गाडी अर्धं चाक पुढं ढकला आणि तीच रेघ मागं आल्यावर पुन्हा मोजा. पक्का आकडा अलाइनमेंटच्या मशीनवरच मिळेल, पण मोठी चूक इथंच पकडली जाते.

ओळंबा लावून पॅनहार्ड रॉड तपासा

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चॅसिसला, दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की रॉड जास्त तिरका होतो आणि ॲक्सलला चॅसिसच्या टोकाकडं ओढतो. समजा रॉड ९०० मिमी लांब आहे आणि मुळात त्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा ६० मिमी उंच आहे. ५० मिमी लिफ्ट केल्यावर ॲक्सल जवळपास ५ मिमी बाजूला जातो.

गवंड्याचा ओळंबा घ्या. फेंडरच्या कडेवरून सोडा आणि दोरीपासून टायरच्या बाजूपर्यंतचं अंतर दोन्हीकडं मोजा. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे ॲक्सल सरकलेलं अंतर. ८-१० मिमीपर्यंत सरकला असेल आणि टायर कुठं घासत नसेल तर मी रोजच्या गाडीत काही बदलत नाही. त्याच्या वर असेल तर लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या.

इथं एक फसगत होते. रॉड परत आडवा व्हावा म्हणून ॲक्सलवर उंच ब्रॅकेट लावून देतात. ड्रॅग लिंक मात्र तिरकीच राहते. हे दोन्ही रॉड एकमेकांना समांतर असायला हवेत, म्हणजे चाक वर-खाली होताना दोघांच्या टोकांचा चाप सारखा पडतो. एक आडवा आणि एक तिरका केला तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच वळते. ब्रॅकेट लावायचा तर ड्रॅग लिंकचाही कोन तितकाच सुधारायला हवा. ते जमत नसेल तर दोन्ही तिरके पण समांतर राहू द्या.

कॅस्टर: खरा जादा पार्ट बहुतेक वेळा इथं लागतो

स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल आणि वरचं सगळं ठीक असेल, तर कॅस्टर गेला आहे. सायकलचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. चाक सरळ धरायला तो तिरकेपणा मदत करतो. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच तिरकेपणा दिलेला असतो.

जिम्नीसारख्या गाडीत पुढच्या सॉलिड ॲक्सलला दोन आर्म धरतात आणि त्यांचं मागचं टोक चॅसिसला असतं. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात, त्यांच्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर घटतो. हिशेब करायचा तर समजा आर्म ६५० मिमी लांब आहे. ५० मिमी लिफ्टला तो साधारण साडेचार अंश फिरतो. मुळात कॅस्टरच मोजक्या अंशांचा असतो, म्हणजे उरतं काय ते तुम्हीच बघा.

अंदाजावर जाऊ नका. अलाइनमेंटला जाऊन कॅस्टरचा छापील कागद मागा. "टो केला, झालं" म्हणतील, तरी कागद घ्या. मग तीन पर्याय आहेत.

भोक मध्यापासून सरकवलेले बुश. साधारण ५० मिमीपर्यंतच्या लिफ्टला, रोजच्या गाडीला मी हेच सुचवतो. प्रेसवर बसवावे लागतात आणि बाणाची दिशा उलटी झाली तर कॅस्टर आणखी जातो, म्हणून बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. शक्यतो रबरी घ्या. कडक पॉलियुरेथेनचे घेतले तर आर्मला पिळायला जागा राहत नाही आणि खडबडीत रस्त्यावर ब्रॅकेटवर ताण येतो.

ड्रॉप ब्रॅकेट. आर्मचं मागचं टोक खाली आणतो, त्यामुळं कोन जवळजवळ मूळचा होतो आणि गाडी चालायला मऊ राहते. पण तो लोंबतो आणि दगडाला आधी तोच लागतो. लिफ्ट कशासाठी केली होती, हे आठवून ठरवा. मसाई पठाराच्या कच्च्या वाटेवर नेहमी जाणाऱ्याला मी हा देत नाही. हायवे आणि शेत एवढंच असेल तर चांगला.

नवे, कोन बदललेले आर्म. सगळ्यांत पक्के आणि महाग. ५० मिमीच्या वर गेलात तरच.

कॅस्टर पूर्ण मूळ आकड्यावर आणायचा हट्ट धरू नका. ॲक्सल मागं फिरवला की पिनियनचं नाक, म्हणजे ॲक्सलला शाफ्ट जोडतो ती जागा, खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा) कोन बिघडतो. गाडी सरळ धावते आणि स्टेअरिंग परत येतं इतपत पुरे.

पाट्यांच्या गाडीत हेच काम पाचरीनं होतं. पाचर पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची दबते, तडकते. सेंटर बोल्टही तितका लांब लागतो. लांब शॅकलनं (पाटा चॅसिसला टांगणाऱ्या कडीनं) उचललेल्या गाडीत शॅकल ॲक्सलच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर कॅस्टर वाढेल की घटेल ते ठरतं, म्हणून मोजल्याशिवाय पाचर घालू नका.

टक आणि धप्प: शॉकअप, बंप स्टॉप, ब्रेक होज

चॅसिस जॅक स्टँडवर घट्ट ठेवा, ॲक्सल पूर्ण लोंबू द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आता बघा. शॉकअप पूर्ण ताणला गेला असेल आणि स्प्रिंग अजून दाबलेलाच असेल तर शॉकअप आखूड पडतोय. 'टक' तिथून येतो. ॲक्सलचं वजन शॉकअपच्या आतल्या पिस्टनवर लटकतं आणि सील जातं. लांब शॉकअप हवा. उलट, लोंबत्या अवस्थेत स्प्रिंग सीटवर हातानं हलत असेल तर शॉकअप फार लांब आहे.

ब्रेक होज आणि एबीएसची वायर बघा, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. तणावलेली दिसली तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. होजचा ब्रॅकेट खाली घेता येतो किंवा लांब होज लागतो. हा जादा पार्ट मात्र कधीही टाळायचा नाही.

नंतर एका बाजूचा ॲक्सल जॅकने वर दाबा. शॉकअप पूर्ण मिटायच्या आधी बंप स्टॉप (ॲक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) टेकायला हवा. मोठे टायर किंवा लांब शॉकअप असतील तर बंप स्टॉपखाली स्पेसर लागतो. स्वस्तातला पार्ट आहे आणि बहुतेक किटमध्ये नसतो.

मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याची कांडी बघा. गाडी उंच झाली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. लिफ्टइतकीच त्याची जागा बदलणारा ब्रॅकेट लागतो.

फरशीतली थरथर

थरथर होते त्या वेगाला गाडी न्या, मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडा. थरथर बदलली नाही तर टायर-बॅलन्सिंगकडं जा. बदलली तर प्रोपेलर शाफ्ट. आधी क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला) ग्रीस भरा, हातानं खेळ बघा. साध्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे हवेत. ५० मिमीच्या आत हे बहुतेक वेळा निभतं. शाफ्ट काढणार असाल तर फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर बॅलन्स जाईल. जोड क्रॉसचा शाफ्ट ही शेवटची पायरी, आणि तेव्हा लिफ्टच कमी करणं स्वस्त पडतं का याचा आधी विचार करा.

पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर

नव्या थारमध्ये पुढं डबल विशबोन आणि कॉइल, मागं सॉलिड ॲक्सल आहे. जुन्या सीआरडीई थारमध्ये पुढं टॉर्शन बार, मागं पाटे. इथं कॅस्टरपेक्षा ड्राइव्ह शाफ्टचा कोन, वरचा बॉल जॉइंट, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो यांचा त्रास जास्त. स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीवर) २० मिमीचा स्पेसर ठेवला तर चाकापाशी लिफ्ट त्याच्या दीडपट ते दुप्पट होते, कारण स्ट्रट आर्मच्या मध्यात कुठंतरी टेकलेला असतो. २ इंच हवेत म्हणून २ इंचाचा स्पेसर ठेवलेल्या गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेले मी पाहिलेत. टॉर्शन बार पिळून उचललं तर खाली लोंबायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक स्पीड ब्रेकरला टक बसतो; तिथं उपाय एकच, बार परत सोडा. वरचा नवा आर्म लागतो तो कॅम्बर मशीनवर जुळत नसेल तेव्हाच.

इथं हात थांबवा

ब्रॅकेटच्या वेल्डला तडा, चॅसिसवर नवं वेल्डिंग, अंडाकृती झालेलं भोक भरणं: हे चॅसिसचं काम जाणणाऱ्या पक्क्या माणसाकडंच. स्टेअरिंगचा कुठलाही रॉड किंवा आर्म तापवून वाकवून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. ब्रेक होज बदलला की एअर काढणं आणि तपासणं ब्रेकच्या मेस्त्रीकडून. कॉइल स्प्रिंग दाबायचा चांगला कॉम्प्रेसर नसेल तर स्ट्रट उघडू नका. सुटलेला स्प्रिंग जीव घेतो. आणि वरचं सगळं करूनही फडफड एकदा जरी आली, तर गाडी टोचन करून न्या, चालवत नेऊ नका.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा आणि कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं. पार्ट घ्यायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सांगून उपयोग नसतो.

सगळं बसल्यावर हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. मग फुलेवाडी, बालिंगा, कळे असा गगनबावड्याच्या रस्त्याला एक फेरा मारा, आधी ४० ला, मग ६० ला. परत आल्यावर सगळ्या बोल्टवर पेंटची रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट हललाय, तो पुन्हा आवळायचा.